कच्चं इकडे, पक्कं तिकडे: दूध डेअरीतला ऑपरेटर नेमकं काय करतो

एमआयडीसीच्या चौकात विजेच्या खांबावर चिकटवलेली जाहिरात तुम्ही पाहिली असेल. ‘फूड कंपनीत प्रॉडक्शन ऑपरेटर व हेल्पर पाहिजेत. दहावी, बारावी, आयटीआय. बस व कॅन्टीनची सोय.’ खाली दोन मोबाईल नंबर. काम काय करायचं, हे त्यात कुठेच नसतं. त्यामुळे गावाकडून येणाऱ्या पोराला वाटतं, बटण दाबायचं आणि खोकी उचलायची. उचलाउचली आहेच, पहिली दोन वर्षं मी क्रेटच उचलले. पण नंतरची सात वर्षं पाश्चरायझरवर, म्हणजे दूध तापवून जंतू मारणाऱ्या यंत्रावर, काढली तेव्हा कळलं, की या कामाला एक गाभा आहे आणि तो जाहिरातीत मावणारा नाही.

बिस्किट, फरसाण, लोणचं, आंब्याचा पल्प, आइस्क्रीम, मसाले असे कारखाने अनेक. प्रत्येकाची यंत्रं वेगळी, धोके वेगळे. मला दूध माहीत आहे, म्हणून मी दुधाबद्दल लिहितो. पण दुधाच्या जागी पल्प ठेवला तरी यातलं निम्मंअधिक तसंच लागू पडेल.

गाभा असा: कच्च्या मालात जंतू असणारच. मध्ये एक टप्पा असतो, जिथे ते मारले जातात. त्या टप्प्याच्या अलीकडे सगळं कच्चं, पलीकडे सगळं पक्कं. ऑपरेटरचं काम या दोघांची भेट होऊ द्यायची नाही. नळीतून नाही, हातातून नाही, बुटाच्या तळव्यातूनही नाही. बाकी सगळे नियम, टोपी-मास्कपासून रजिस्टरपर्यंत, या एका गोष्टीच्या मागेपुढे फिरतात.

आधी दार

शिफ्ट सुरू होते चेंज रूममध्ये. बाहेरची चप्पल इकडच्या रॅकमध्ये, आतले गमबूट तिकडच्या. अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली चेन, हातातला गंडा, सगळं लॉकरमध्ये. बायकांना मंगळसूत्र, टिकली, बांगड्या काढायला सांगतात, आणि यावर दर नव्या बॅचला वाद होतो. मला तो वाद समजतो. पण एकदा काळा मणी दुधाच्या गाळणीत सापडला, की अख्खी लाइन थांबते आणि ‘उरलेले मणी कुठे?’ हा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. काही ठिकाणी तडजोड म्हणून मंगळसूत्र ड्रेसच्या आत, गळ्याशी बंद कॉलरखाली चालवून घेतात. कुठे तेही नाही.

मग टोपी, केस पूर्ण आत. मास्क. साबणाने हात, वीस सेकंद, कोपरापर्यंत. नळ पायाने किंवा कोपराने चालणारा, कारण धुतलेल्या हाताने मळकी तोटी बंद केली तर हात धुतलाच कशाला? पुढे क्लोरीनच्या पाण्याची उथळ चौकट, त्यात बूट बुडवून आत जायचं. तंबाखू आणि मावा दारातच संपतो, निदान संपायला हवा. खिशात पुडी सापडल्यावर घरी पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत.

माझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे सोवळंच की!’ आहे खरं तसं. ओल्या पंचाने स्वयंपाकघरात जायचं, खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, हीच शिस्त. फरक एवढाच, की आमच्याकडे सोवळं जन्मावर नाही. ज्याने आत्ता हात धुतले तो सोवळा, आणि त्याने नाक खाजवलं की तो ओवळा. मॅनेजरचंही तसंच.

बोट कापलं तर पट्टी निळी लावायची. खाण्याचा पदार्थ सहसा निळा नसतो, त्यामुळे पट्टी पडली तर चटकन दिसते. त्या पट्टीत धातूचा बारीक पत्राही असतो, म्हणजे बिस्किटासारख्या कोरड्या मालाच्या कारखान्यात मेटल डिटेक्टर तिला पकडतो.

टँकर

टँकर ज्या ठिकाणी लागतो त्याला डेअरीत आरएमआरडी म्हणतात, म्हणजे कच्चं दूध उतरवून घ्यायचा डॉक. इथे लॅबवाल्यांचं राज्य. झाकण उघडून आधी वास घेतात, आणि अनुभवी माणसाचं नाक पहिल्या मिनिटातच अर्धा निकाल देतं. मग तापमान, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), आम्लता. परीक्षानळीत थोडं दूध उकळत्या पाण्यात धरतात, फाटलं तर टँकर परत. युरिया, स्टार्च, सोडा यांच्या तपासण्या. शिवाय प्रतिजैविकाची पट्टी: गायीला कासदाह झाला, ज्याला गावाकडे दगडी म्हणतात, की इंजेक्शन देतात, आणि त्यानंतर काही दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नसतं. घातलं तर त्या औषधाचा अंश अख्ख्या टँकरमध्ये उतरतो. अशा दुधाचं दहीसुद्धा नीट लागत नाही, कारण विरजणाचे जंतूही मरतात.

पास झालेलं दूध ४ अंशांपर्यंत थंड होऊन सायलोत, म्हणजे साठवणीच्या उंच टाकीत, जातं. पुढे सेपरेटर साय वेगळी काढतो आणि प्रमाणीकरण होतं. टोन्ड दुधात कायद्याने किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ लागतं, फुल क्रीममध्ये ६ आणि ९. समजा ४ फॅटचं दूध आलं आणि ३ चं करायचं, तर त्या दुधाच्या तीन भागांत एक भाग स्किम, म्हणजे साय काढलेलं, दूध. हिशेब शाळेतला, पण आकडे मोठे. लाख लिटर दुधात चुकून ०.१ टक्का फॅट जास्त गेलं, तर साधारण शंभर किलो फॅट फुकट वाटलं गेलं. कमी गेलं तर अन्न व औषध प्रशासनाच्या नमुन्यात दूध नापास. म्हणून या टेबलावर कॅल्क्युलेटर हिसकावून घेणारी माणसं असतात.

पंधरा सेकंद

आता मुख्य जागा. पाश्चरायझेशन म्हणजे दूध उकळणं नव्हे. दूध किमान ७२ अंश सेल्सियसला नेऊन तिथे किमान १५ सेकंद ठेवायचं आणि लगेच ४ अंशांवर आणायचं. एवढ्यात क्षयरोगाचे आणि इतर रोगकारक जंतू मरतात. सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून पिशवी फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि तरीही दोनेक दिवसांत संपवावी लागते. लुई पाश्चरने १८६० च्या दशकात ही युक्ती काढली ती दुधासाठी नाही, वाइन खराब होऊ नये म्हणून. दूध नंतर आलं.

वाहत्या दुधाला १५ सेकंद ‘थांबवायचं’ कसं? त्यासाठी होल्डिंग ट्यूब असते. ही एक नुसती लांब, वळणावळणांची स्टीलची नळी. नवीन पोरांना मी तिचा हिशेब करायला लावायचो. प्लान्ट ताशी १०,००० लिटरचा असेल, तर सेकंदाला २.७८ लिटर दूध वाहतं. पंधरा सेकंदांत झालं सुमारे ४२ लिटर. म्हणजे नळीत कमीत कमी ४२ लिटर मावले पाहिजेत. अडीच इंची पाइप घेतला तर लांबी जवळपास १५ मीटर भरते. पण खरी नळी याहून लांब ठेवतात. का? नदीत काठाचं पाणी रेंगाळतं आणि मधली धार पुढे पळते, तसंच पाइपात होतं. मधलं दूध सरासरीपेक्षा लवकर बाहेर पडतं, आणि १५ सेकंदांची अट त्या सगळ्यात घाईच्या थेंबालाही पाळावी लागते. नळी प्रवाहाच्या दिशेने किंचित चढती बसवतात, म्हणजे हवेचा बुडबुडा आत अडकून जागा खात नाही.

इथून एक गोष्ट ओघाने येते. कुणी पंपाचा वेग वाढवला तर तापमान ७२ दिसत राहील, पण सेकंद कमी होतील. डायल बरोबर, दूध कच्चं. म्हणून प्रवाहाची मर्यादा सील केलेली असते आणि ते सील ऑपरेटरने तोडायचं नसतं.

नळीच्या शेवटी सेन्सर, आणि त्याला जोडलेला एफडीव्ही, म्हणजे फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह. तापमान ठरलेल्या आकड्याच्या, म्हणजे सेट पॉइंटच्या, खाली गेलं की व्हॉल्व्ह ‘फट्’ असा आवाज करून फिरतो आणि दूध पुढे जाण्याऐवजी पुन्हा सुरुवातीच्या टाकीत येतं. हवेचा दाब गेला, वीज गेली, तरी तो मागच्या दिशेलाच वळतो. रेल्वेचा सिग्नल बिघडला तर लाल राहावा, तसं.

दुसरी गंमत प्लेट हीट एक्सचेंजरमध्ये. तापलेलं पक्कं दूध बाहेर जाताना आपली उष्णता आत येणाऱ्या थंड कच्च्या दुधाला देतं. यात ८५ ते ९० टक्के उष्णता परत मिळते, नाहीतर वाफेचं बिल परवडलं नसतं. पण नीट पाहा: इथे कच्चं आणि पक्कं दूध एकाच यंत्रात, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्र्याच्या दोन बाजूंना वाहतं. पत्र्याला सुईएवढं भोक पडलं तर? म्हणून पक्क्या बाजूचा दाब नेहमी कच्च्या बाजूपेक्षा जास्त ठेवतात. भोक पडलंच तर पक्कं दूध कच्च्यात जाईल, कच्चं पक्क्यात येणार नाही. पॅनलवर हे दोन दाब शेजारी शेजारी दिसतात. मी हँडओव्हर घेताना तापमानाच्या आधी ते बघायचो, सवयच लागली होती.

सगळं नीट झालं की नाही हे लॅब एका साध्या चाचणीने बघते. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचं एक विकर नैसर्गिकच असतं. ते रोगजंतूंपेक्षा किंचित चिवट आहे. ते नष्ट झालं असेल तर जंतू त्याआधीच गेले. नमुन्यात ते सापडलं तर एकतर नीट तापलं नाही, किंवा कुठेतरी कच्चं मिसळलं.

एका रात्रीची गोष्ट सांगतो. पावसाळा होता, बॉयलरच्या ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या दाबून केलेल्या कांड्या, ओल्या झाल्या होत्या. दोन वाजून गेले आणि वाफेचा दाब उतरू लागला. तापमानाच्या चार्टवरचा पेन खाली कलला, एफडीव्ही फट् करून फिरला. पाच मिनिटांत पॅकिंग हॉलचा फोन: ‘दूध कुठाय? गाड्या लागल्यात.’ पुन्हा तापमान चढलं, व्हॉल्व्ह पुढे, पुन्हा उतरलं, मागे. असं तीनदा. मग पाळीचा साहेब आला आणि हळूच म्हणाला, ‘सेट पॉइंट दोन अंश खाली घे ना, लोक घरी उकळूनच पितात.’ खरं सांगतो, माझा हात पॅनलकडे गेला होता. रात्रपाळीचा सहावा दिवस होता आणि डोकं जड झालेलं. पण त्या पॅनलची किल्ली क्वालिटीवाल्याकडे असायची आणि तो झोपेतून उठून आला. त्याने चार्ट बघितला, त्यावर सही केली, आणि लाइन बंद ठेवली. कोरड्या ब्रिकेट येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. गाड्या उशिरा सुटल्या, सकाळी वितरकांनी शिव्या घातल्या, मलाही साहेबाची बोलणी खावी लागली. किल्ली दुसऱ्याकडे का ठेवतात, हे त्या रात्री कळलं.

आणि ‘लोक उकळूनच पितात’ हे म्हणणं अर्धवट खरं आहे. आपल्याकडे उकळतात, कारण डेअरी ते दारापर्यंत थंडावा टिकेल याची खात्री नसते. पण त्याच दुधाचं पनीर बनतं, मिल्कशेक बनतो, लहान पोरं पिशवीचा कोपरा तोडून तोंडाला लावतात.

धुणं

या नोकरीतला निदान चौथा भाग धुण्यात जातो. सहा-आठ तास दूध चाललं की प्लान्ट थांबवून सीआयपी लावायची, म्हणजे यंत्र न खोलता आतल्या आत धुणं.

क्रम ठरलेला. आधी साधं पाणी. गरम नाही! घरी दुधाचं पातेलं आधी गार पाण्यात भिजवतात त्याच कारणासाठी: एकदम उकळतं पाणी घातलं तर दुधातलं प्रथिन शिजून भांड्याला धरतं. मग १ ते दीड टक्का कॉस्टिक सोडा, सत्तर-पंच्याहत्तर अंशांना, सुमारे वीस मिनिटं. याने फॅट आणि प्रथिन सुटतं. पाणी. मग सौम्य नायट्रिक ॲसिड, साठ-पासष्टला. कॉस्टिकने न निघणारा पांढरा थर, ज्याला मिल्क स्टोन म्हणतात आणि जो मुख्यतः कॅल्शियमचा असतो, तो ॲसिडने जातो. पुन्हा पाणी, पीएच तपासायचा, आणि दूध सोडण्याआधी गरम पाण्याने निर्जंतुकीकरण.

हे करताना वेगाला महत्त्व आहे. पाइपातून पाणी सेकंदाला दीड मीटरच्या आसपास पळालं तरच ते खळखळून घासतं, संथ वाहिलं तर नुसतं शेजारून जातं. नवीन ऑपरेटर वेळ वाचवायला कॉस्टिकची वीस मिनिटं बारावर आणतो. त्या दिवशी काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लॅबमध्ये जंतूंचा आकडा चढतो आणि कुणाला कळत नाही का.

इथेच सगळ्यात जास्त अपघात होतात, म्हणून थोडं थांबून लिहितो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. गॉगल, रबरी हातमोजे, ॲप्रन, गमबूट, आणि पँट बुटाच्या बाहेर. पँट आत खोचली तर सांडलेलं कॉस्टिक थेट बुटात उतरतं. कॉस्टिक ॲसिडसारखं लगेच झोंबत नाही, आधी हात साबणासारखा बुळबुळीत लागतो. तो साबण म्हणजे तुमचीच कातडी. लागलं की वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं, मग डॉक्टर. क्लोरीनचा कॅन आणि ॲसिडचा कॅन एका कोपऱ्यात ठेवू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो.

थंडाव्यासाठी डेअरीत बहुधा अमोनिया असतो. त्याचा वास डोळ्यांत पाणी आणतो, हे एका अर्थी बरंच, तो लपून गळत नाही. गळती झाली तर ओला रुमाल नाकाला लावायचा, कारण अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, आणि वाऱ्याला आडवं होऊन बाहेर पडायचं. छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक असतो. पहिल्या दिवशी तो कुठे आहे ते बघून ठेवा.

पिशवी

पॅकिंग हॉलमध्ये फिल्मचा रोल वर चढवतात. फिल्म अतिनील दिव्याखालून जाते, नळकांडं होते, उभा सील, आडवा सील, दूध, पुन्हा आडवा सील, कट. दोन हेडचं मशीन तासाला साधारण पाच हजार पिशव्या काढतं. ऑपरेटरचं लक्ष तीन गोष्टींवर: सील, वजन, तारीख.

वजनात नवखा फसतो. अर्धा लिटर पिशवी काट्यावर ठेवली आणि ५०० ग्रॅम आलं, तर नवखा खूश होतो. ती कमी भरली आहे! दूध पाण्यापेक्षा जड, लिटरला सुमारे १.०३ किलो. म्हणजे अर्ध्या लिटरचे ५१५ ग्रॅम, वर फिल्मचं वजन. वैधमापनवाले आले तर हाच हिशेब लावतात.

सीलसाठी पिशवी दोन तळव्यांत धरून दाबून बघायची. सील करणाऱ्या जबड्यावरची टेफ्लॉन पट्टी जळली की सील कुरकुरीत होतं आणि क्रेटमध्ये पिशवी सुटते. मग एका फुटक्या पिशवीचं दूध खालच्या वीस पिशव्यांवर पसरतं आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या हाताला चिकट लागतं. फुटलेल्या पिशव्या, म्हणजे लीकेज, बाजूला काढतात. पिशव्या कापून ते दूध परत वापरायचं तर कच्च्याच्या बाजूला जायचं आणि पुन्हा पाश्चराइज व्हायचं. थेट पक्क्या टाकीत ओतायचं नाही. एकदा बाहेर आलं ते कच्चं.

बदाम दूध किंवा पिस्ता दूध त्याच लाइनवर चालणार असेल तर आणखी एक काळजी. सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याचा अंशही भारी पडू शकतो. म्हणून साधं दूध आधी, बदाम दूध शेवटी, मग पूर्ण सीआयपी. क्रम बदलला तर यंत्राला फरक पडत नाही, माणसाला पडतो.

वही

दर अर्ध्या तासाला तापमान, दाब, वजन लिहायचं. सगळ्यांना कंटाळवाणं वाटणारं काम. पाळी संपताना सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरणारे महाभाग असतात, आणि ऑडिटरला ते लगेच कळतं, कारण खऱ्या आकड्यांत चढउतार असतो आणि खऱ्या वहीवर दुधाचे डाग असतात. ही पद्धत ज्यातून आली त्याला हॅसप (HACCP) म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या जेवणासाठी पिल्सबरी कंपनी आणि नासाने मिळून ती बसवली. अंतराळात जुलाब झाले तर काय, हा प्रश्न होता. तयार डबे तपासून उपयोग नव्हता, कारण तपासलेला डबा संपला. म्हणून धोका जिथे रोखता येतो ती जागा शोधायची, मर्यादा ठरवायची, आणि सतत मोजत राहायचं. आमच्याकडे ती जागा म्हणजे होल्डिंग ट्यूबचा शेवट.

दोन दिवसांचे जुलाब

आता जे बोललं जात नाही ते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे, त्याखालचे नियम २०११ चे. त्यांच्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या रोगांची लस हवी. जुलाब, उलट्या, कावीळ, पिकलेली जखम असेल तर सांगायचं आणि मालापासून दूर राहायचं. प्रत्येक चेंज रूममध्ये हा बोर्ड असतो.

पण हेल्परांपैकी बरेच जण ठेकेदाराकडचे, हजेरीवर. आलं तर पैसे, नाही आलं तर नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, आजारपणाचा भत्ता आहे, पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. मात्र आजारपणाचे पहिले दोन दिवस साधारणपणे त्यात धरत नाहीत. आता बघा, हगवण किती दिवस टिकते? दोन दिवस. म्हणजे ज्या आजारात माणूस लाइनवर नकोच, नेमक्या त्या आजारात घरी बसण्याचे पैसे कुणी देत नाही. मग तो गोळी घेऊन येतो आणि बोर्डाखालून आत जातो. मीही गेलो आहे, हेल्पर असताना. पुढे एका ठिकाणी इनचार्जने अशा माणसाला दोन दिवस क्रेट मोजायला गेटवर बसवायची पद्धत सुरू केली, हजेरी चालू. तेव्हापासून पोरं स्वतःहून सांगू लागली. कंपनीला त्यात काय लागलं? एक खुर्ची.

आत शिरायचं असेल तर

हेल्परला शिक्षणाची अट फारशी नसते. ऑपरेटर व्हायला आयटीआय उपयोगी, फिटर किंवा ‘मिल्क अँड मिल्क प्रॉडक्ट्स टेक्निशियन’ हा ट्रेड. ज्याला पुढे इनचार्ज, क्वालिटी असं जायचंय त्याने दुग्धतंत्रज्ञानाची पदवी बघावी. आपल्या राज्यात उदगीर आणि पुसदजवळच्या वरूडला सरकारी महाविद्यालयं आहेत. पण आमच्यातले निम्मे चांगले ऑपरेटर क्रेट उचलता उचलता शिकले. कुणीतरी शिकवणारा भेटावा लागतो.

कामावर जायच्या आधी ठेकेदाराला काही गोष्टी स्पष्ट विचारा. पगार हातात किती आणि कागदावर किती. २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतो, तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के, पगारातून मालकाचा हिस्साही कापला जात असेल तर ते चूक आहे. पीएफचा नंबर मागून घ्या आणि दोन महिन्यांनी मोबाईलवर भरणा बघा. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने असतो, ‘बारा तासांची पाळी, एक हजेरी’ असं कुणी म्हणालं तर तो हिशेब तिथेच करा. बूट, गॉगल, हातमोजे कुणाचे? ते कंपनीचे. त्याचे पैसे कापत असतील तर पुढचं सगळं तसंच असणार.

कोल्ड रूममध्ये काम असेल तर जॅकेट मिळतं का, आणि दार आतून उघडतं का, हे दुसऱ्याला न विचारता स्वतः ढकलून बघा. आणि रात्रपाळीची बस सकाळी नेमकी कुठवर सोडते ते विचारून ठेवा. आमची हायवेच्या फाट्यावर सोडायची. पुढचे तीन किलोमीटर आम्ही दूधवाल्याच्या टेम्पोत बसून जायचो, आमच्याच क्रेटवर.